माळ्यावरची व्ही गिटार

प्रश्न : इंदूरला रामबागेतल्या जुन्या घराचा माळा आवरताना काकांची इलेक्ट्रिक गिटार सापडली, व्ही आकाराची, वर गिब्सन लिहिलंय. भाचा म्हणतो १९५८ ची असेल तर लॉटरीच! खरं का?

उत्तर : भाच्याचं अगदीच चुकत नाहीये, गिब्सन या अमेरिकन कंपनीची फ्लाइंग व्ही ही गिटार १९५८ मध्येच आली, पण तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, जेमतेम शंभरएक विकल्या आणि तिचा गाशा गुंडाळला, म्हणून आज तिला सोन्याचा भाव. पण थांबा, लगेच पेढे वाटू नका. १९६७ ला ती परत निघाली, महोगनीची. पहिली मात्र कोरिनाची, म्हणजे फिकट पिवळसर आफ्रिकन लाकडाची. तीन नॉब बघा, एका रांगेत असतील तर जुनी असू शकते, त्रिकोणात असतील तर नंतरची. तारा मागून लाकडातून आरपार ओवल्यात का तेही बघा. कडेला रबराची पट्टी असेल, गिटार मांडीवरून घसरू नये म्हणून (तरी घसरतेच, बसून वाजवणाऱ्यांनी नाद सोडावा). हे सगळं जुळलं तरी नकला ढिगानं आहेत, तेव्हा जाणकाराला दाखवा. आणि हो, हौसेनं पॉलिश मारू नका, किंमत तिथंच पडते.