मेणबत्त्या घाईनं विझवणारी मुलगी

प्रिय 'मे महिन्यातली',

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुक्रवारी रात्री तुम्ही पाच जणी कोथरूडला एकीच्या घरी जमता, 'प्रोजेक्ट रनवे' या फॅशन डिझायनरांच्या टीव्ही स्पर्धेचे जुने भाग लावता आणि भेळ खाताखाता कुणाचा ड्रेस झकास, कुणाचा फसला ते ठरवता. यंदाचा तुझा वाढदिवसही तिथेच झाला. लहानपणच्या भीतीचा विषय निघाला. कुणी पाल म्हणालं, कुणी गणिताच्या बाई. तू म्हणालीस, अणुबॉम्ब. हशा पिकला. "तरीच तू अशी!" असंही एकीनं म्हटलं. तेव्हापासून तू ग्रुपवर गप्प आहेस आणि मला विचारतेस, मी उगाच बोलले का?

अजिबात नाही गं. 28 मे 1998 ला तू दहा वर्षांची झालीस. सतराच दिवस आधी, 11 मेला, पोखरणला आपल्या अणुचाचण्या झाल्या होत्या, आणि नेमक्या तुझ्या वाढदिवशी पाकिस्ताननं चगाईला केल्या. संध्याकाळी केक मांडलेला आणि टीव्हीसमोर बाबा-काका बोलतायत की पडलाच तर पुण्यावर पडेल, लष्कराचं सदर्न कमांड इथे, खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी इथे. तू मेणबत्त्या घाईघाईनं विझवल्यास, उजेड वरून दिसू नये म्हणून. हे वाचताना माझ्या पोटात तुटलं. घरातली मोठी माणसं बोलतात ते मुलं खरं मानतात. तूही मानलंस.

1979 मध्ये मी आठ वर्षांची होते. अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळस्थानक कोसळणार होतं आणि कुठे, ते कुणालाच नक्की सांगता येईना. नारायण पेठेतल्या वाड्यात मी आजीच्या कॉटखाली झोपायला लागले. आजी हसली नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तिचा संसार पाण्यात गेला होता. ती चटई घेऊन खाली आली आणि माझ्याशेजारी आडवी झाली. 11 जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले. पण त्याआधीच, कॉटखालच्या अंधारात, तिनं मला पहिल्यांदा त्या पाण्याबद्दल सांगितलं होतं.

मैत्रिणींबद्दल माझं मत सांगते. त्या दुष्ट नाहीत. तो कार्यक्रम बघताना आपण सगळ्याच परीक्षक होतो, समोर येईल त्यावर शेरा मारतो. त्या रात्री ड्रेसच्या पाठोपाठ तुझी भीती रॅम्पवर आली, इतकंच. पण "तरीच तू अशी" म्हणणारीला मात्र फोन कर. ग्रुपवर लिहू नकोस. "त्या दिवशी मला लागलं," एवढंच सांग आणि तिला बोलू दे. शुक्रवार सोडू नकोस. इतक्या वर्षांच्या मैत्रिणी एका हशापायी तोडायच्या नसतात.

आणि पत्राच्या शेवटी तू जाताजाता एक ओळ लिहिली आहेस, मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटली. निघताना एकीनं तुझा हात घट्ट धरला, "मी पण" म्हणाली आणि रिक्षात बसली. तिला रविवारी सकाळी तळजाईला फिरायला बोलाव. दोघीच जा. वर टेकडीवर बसलात की तिला विचार, "मी पण म्हणजे काय गं?"

तुझी,
ताई