माझी २००१ ची होंडा सिटी उन्हात तापली की चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. नेमकं काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल पंप, फिल्टर, प्लग सगळं बदलून झालं, तरी दुपारी गाडी बंद पडतेच. आणि टोचन करून गॅरेजला नेईपर्यंत ती एका सेल्फमध्ये चालू होते, त्यामुळे मेकॅनिकला दोष दिसतच नाही. तुमच्याच पिढीच्या गाडीबरोबर मी दोन उन्हाळे यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती. आता एकही नवा पार्ट घेऊ नका. दोष कुठे आहे ते गाडी बंद असतानाच दिसतं, चालू झाली की पुरावा गेला. त्यामुळे पुढच्या वेळी बंद पडली की सेल्फ मारत बसू नका. गाडी कडेला घ्या (इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे घरात जो कोणी गाडी चालवतो त्याला सांगून ठेवा) आणि पुढची पाच मिनिटं नीट बघा आणि ऐका.

पहिला प्रश्न : बंद पडली कशी? बटण दाबल्यासारखी झटक्यात गेली, की गचके खात, धापा टाकत गेली? झटक्यात गेली तर बहुतेक वेळा करंट तुटलाय. गचके खात गेली तर पेट्रोल किंवा हवेचं गणित बिघडलंय. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारचं वाटतं.

आता चावी पूर्ण बंद करा, रेडिओ आणि एसीचा पंखा बंद करा, काचा वर घ्या आणि चावी ऑनवर आणा. सेल्फ मारायचा नाही. निरोगी गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि दोनेक सेकंदांनी विझतो. तेवढाच वेळ मागच्या सीटखालून पंपाची बारीक घूं ऐकू येते आणि ती थांबताना डॅशबोर्डखाली ‘टिक’ होतं. दिवा लागला पण पंप बोलला नाही, तर मेन रिले (पंपाला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला करंट देणारा आपोआप चालणारा स्विच), पंप किंवा मधली वायर. दिवाच लागला नाही, तर ईसीयूलाच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरलाच, करंट मिळत नाही. तेव्हा इग्निशन स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट किंवा त्याच रिलेचा दुसरा अर्धा भाग. दिवा, घूं, टिक सगळं व्यवस्थित आणि तरी गाडी चालू होत नाही, तर डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्लगना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागाकडे, वळा.

या मेन रिलेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझ्या गाडीत तोच निघाला. एकाच डबीत दोन रिले आहेत. चावी ऑन केली की पहिला ईसीयू आणि इंजेक्टरना करंट देतो. दुसरा ईसीयूच्या हुकमावर पंप चालवतो : चावी लावल्यावर दोन सेकंद, आणि मग इंजिन फिरत असेल तोपर्यंत. ही डबी डॅशबोर्डच्या पोटात असते. उन्हात उभ्या गाडीत तिथे भट्टी असते आणि संध्याकाळी ते सगळं थंड होतं. वीस-पंचवीस वर्षं रोज फुगायचं आणि आकसायचं, मग रिलेच्या जाड पायांभोवतीचं सोल्डर (वितळवून केलेला धातूचा जोड) दमतं आणि तडकतं. जुन्या सर्किटचं बऱ्याचदा हेच होतं. गार असताना फट मिटलेली, तापलं की उघडते. म्हणूनच काचा उघड्या ठेवून अर्धा तास झाडाखाली थांबलं की गाडी शहाण्यासारखी चालू होते.

माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ‘ड्राय सोल्डर’ हा आमचा रोजचा शब्द. पण गाडीच्या बाबतीत तो मला सुचायला दोन उन्हाळे आणि एक नवा पंप लागला. पंप बदलणाऱ्या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडे गाडी पोहोचायची तेव्हा ती धडधाकटच असायची. शेवटी एका रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी गाडी चालू केली, ‘टिक’चा माग काढत रिले शोधला आणि बायकोचा हेअर ड्रायर त्याच्यावर धरला. प्लॅस्टिक वितळू नये म्हणून जरा लांबून. पाच-सहा मिनिटांत इंजिन गप्प. ड्रायर बंद करून ओलसर फडकं बाहेरून टेकवलं, थोड्या वेळाने पंप पुन्हा बोलला. बॅटरीची निगेटिव्ह काढून रिले बाहेर घेतला, झाकण काढलं आणि भिंगाखाली धरला. एका पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ, बांगडीसारखी पूर्ण. नखाने पाय हलवला तर सोल्डरच्या टेकडीच्या आत तो हलत होता!

जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढा, वरून नुसता थेंब टाकलात तर दोन महिन्यांत परत तेच. पाय जाड आहेत, पंचवीस वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापत नाहीत, साठची घ्या. फ्लक्स लावून सगळेच पाय नव्याने टाका, फक्त तडकलेला नाही. हात बसलेला नसेल तर जवळच्या टीव्ही किंवा इन्व्हर्टर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

डिस्ट्रिब्युटरचं थोडक्यात. यात कॉइल आणि इग्नायटर (ठिणगी तयार करणारे भाग) दोन्ही आतच बसवलेले असतात, इंजिनच्या उष्णतेत, आणि तेही तापल्यावर करंट सोडतात. खूण अशी की चालत्या गाडीत, गिअरमध्ये असताना इंजिन गेलं आणि आरपीएमचा काटा चाकं फिरत असूनही एकदम शून्यावर पडला, तर संशय इकडे घ्या. टोपण उघडल्यावर आत ऑइल दिसलं तर आतलं सील गेलंय. आणि थर्मोस्टॅटच्या घरापाशी बोल्टने आवळलेली अर्थची वायर काढून, पॉलिश पेपरने घासून परत लावा. काम फुकटचं आहे आणि निम्मी भुतं तिथेच राहतात.

गाडी झटक्यात न जाता फक्त सिग्नलला, एसी लावल्यावर आरपीएम खाली येत येत बंद पडत असेल, तर मात्र हे सगळं सोडा. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (इंजिनला हवा मोजून देणारे भाग) साफ करा, फाटलेला व्हॅक्यूम पाइप शोधा, आणि कूलंट पूर्ण भरलंय का बघा. या इंजिनात कूलंटमध्ये हवा अडकली की आयडल वरखाली नाचतं. फिल्टर चोंदला असेल तर गाडी घाटात, लोडवर दम तोडते, सिग्नलला नाही.

कुणीतरी तुम्हाला ‘व्हेपर लॉक असेल (म्हणजे पेट्रोलची वाटेतच वाफ होऊन अडकणं), पंपावर ओलं फडकं टाका’ असं सांगितलंय. तो उपाय जुन्या पद्मिनी गाडीचा. तिचा पंप इंजिनला चिकटलेला असायचा आणि घाटात खरंच तापायचा. तुमचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला आहे, लाइनमध्ये दाब असतो आणि उरलेलं पेट्रोल सतत टाकीत परत जातं, त्यामुळे ती शक्यता फार कमी.

स्कॅन केल्यावर कोड आला नाही म्हणून इलेक्ट्रिकल दोष नाही, हाही निष्कर्ष काढू नका. ईसीयूचाच करंट गेला तर तो कोड लिहिणार कसा? मेन रिलेचा दोष म्हणूनच कुठे नोंदला जात नाही. १५ नंबरचा कोड आला तर इग्निशन. ४, ८ किंवा ९ आला तर डिस्ट्रिब्युटरमधले सेन्सर.

उद्या दुपारी गाडी मुद्दाम उन्हात दोन तास काचा लावून उभी करा आणि मग चावी ऑन करा. दिवा लागला का, किती वेळ, आणि घूं ऐकू आली का, एवढं खाली कमेंटमध्ये लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.