त्या शांततेत मी काय करू?

"मॅडम, पुस्तकातलं सगळं येतं. पण पेशंट समोर बसला की मी कोरी होते. मी चुकीची शाखा निवडली का?"

वाचा, भाषा आणि श्रवणाच्या विकारांचा पदवी अभ्यासक्रम करणारी मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, पण प्रश्न हाच असतो. तो हमखास येतो प्रत्यक्ष क्लिनिक सुरू झाल्यावर. त्याआधीचा अभ्यास अवघड असला तरी सुरक्षित असतो. मेंदूपासून निघणाऱ्या चेतातंतूंच्या बारा जोड्या पाठ करायच्या, ध्वनिचिन्हं गिरवायची, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, वाचायचा. चुकलं तर गुण जातात. क्लिनिकमध्ये मात्र समोर माणूस असतो, बाजूला एकतर्फी आरसा आणि आरशापलीकडे सुपरवायझर.

ही मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पहिल्या भेटीत जवळजवळ न थांबता बोलली. तिच्याकडे पक्षाघातानंतर वाचा गेलेले एक गृहस्थ होते. ती चित्र दाखवायची, ते ओठ हलवायचे, आणि दोन क्षणांत ती स्वतःच शब्द सांगून मोकळी व्हायची. अर्ध्या तासाचं सत्र ती एकटीच बोलून संपवायची. सुपरवायझरनी शेऱ्यात लिहिलं होतं, "थांबायला शिक." तिनं त्याचा अर्थ लावला, "तुला जमत नाही."

पहिल्या तीन भेटींत मीही तिला बरंच काही सांगितलं. श्वासाकडे लक्ष दे, आदल्या दिवशी तयारी कर. ती मान डोलवायची, वहीत लिहून घ्यायची, आणि पुढच्या वेळी तितकीच घाबरलेली यायची. चौथ्या भेटीआधी मी माझ्या नोंदी वाचल्या आणि लक्षात आलं, ती त्या गृहस्थांशी जे करत होती, तेच मी तिच्याशी करत होते. तिचा शब्द तिच्या ओठांवर यायच्या आत माझा देत होते.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची समुपदेशनाची व्यक्तिकेंद्री पद्धत मी मानते. समोरच्याला त्याची वाट त्याची त्यालाच सापडते, आपण ती सापडेपर्यंत सोबत राहायचं, हा तिचा गाभा. म्हणून त्या दिवशी मी एकच प्रश्न विचारला.

"ते गप्प असतात, तेव्हा त्यांच्या आत काय चालू असतं?"

तिनं अभ्यासातलं उत्तर दिलं. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये मांडलेला रुग्ण जवळजवळ फक्त 'टॅन' एवढंच बोलू शकायचा, पण त्याला बोललेलं बरंचसं कळायचं. मेंदूच्या इजेनं आलेल्या अशा वाचाघातात समज तुलनेनं शाबूत असते, अडतं ते शब्दापाशी.

मी काहीच बोलले नाही. मिनिटभर तरी गेलं असेल. तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"म्हणजे ते गप्प नसतात," ती हळूच म्हणाली. "ते शोधत असतात. आणि मी मध्ये बोलते." थोड्या वेळानं, डोळे भरून आल्यावर, "मला वाटायचं ती शांतता म्हणजे माझं अपयश."

इतकी वर्षं हे काम करूनही असा क्षण आला की मी खुर्चीत थोडी पुढे सरकते. ते वाक्य मी तिला पहिल्याच भेटीत ऐकवू शकले असते. पण मग ते वहीत गेलं असतं.

तुम्ही याच वळणावर असाल, तर तुमची भीती शाखा चुकल्याचा पुरावा मानू नका. समोरच्याचं आपल्या हातून नुकसान होऊ नये, ही काळजी तिच्या मुळाशी असते, आणि ती काळजी या कामाला लागतेच. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. सत्रानंतर "मी कशी होते?" असं न लिहिता "आज त्यांनी काय केलं?" असं लिहा. सुपरवायझरला "कसं झालं?" विचारलंत तर उत्तर तुमच्याबद्दल येतं. "तिसऱ्या चित्राला मी मदत उशिरा द्यायला हवी होती का?" असं विचारलंत तर ते कामाबद्दल येतं, आणि ते ऐकणं सोपं जातं.

स्वतः अडखळत बोलणारी मुलंही मला विचारतात, आम्ही इथे कसे चालू? त्यांना मी चार्ल्स व्हॅन रायपर यांच्याबद्दल सांगते. ते स्वतः तोतरं बोलायचे, आणि तोतरेपणावरच्या उपचारांचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं.

मात्र झोप उडाली, क्लिनिकच्या दिवशी सतत दांडी मारावीशी वाटू लागली, तर एकट्यानं रेटू नका, लगेच कुणाची तरी मदत घ्या. आणि मनापासून प्रयत्न केल्यावरही हे काम नकोसंच वाटलं, तर संशोधनाकडे किंवा दुसऱ्या शाखेकडे वळण्यात कमीपणा नाही. फक्त तो निर्णय घाबरलेल्या आठवड्यात घेऊ नका.

सहाव्या भेटीला ती सत्राचा नोंदतक्ता घेऊन आली. चष्म्याचं चित्र होतं. तिनं पेन घट्ट धरून ठेवलं होतं, म्हणाली, बोटं दुखली. ते "च... च..." करत राहिले, एकदा चुकीच्या शब्दावर गेले, स्वतःच मान हलवून परत आले. मग "चष्मा" म्हणाले आणि तिच्याकडे बघून हसले.

त्या चित्रासमोरच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं : १४ सेकंद. मदत : नाही.