अ‍ॅप बाजूला ठेवा, एक पाठ घ्या
वाचकांचे प्रश्न : वर्गातलं तंत्रज्ञान आणि शिक्षकांचं प्रशिक्षण

प्रश्न : मी माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. दोन वर्षांत स्मार्टबोर्डाची तीन प्रशिक्षणं झाली. त्या दिवशी सगळे खूश असतात, महिनाभरात ये रे माझ्या मागल्या. बोर्ड फक्त व्हिडिओ दाखवायला उरलाय. चौथं प्रशिक्षण घ्यावं का?

त्याच पद्धतीचं असेल तर घेऊ नका. तुमचे शिक्षक आळशी नाहीत. त्यांना बोर्ड कसा चालतो ते शिकवलं गेलं, पण पुढच्या मंगळवारी नववीला विद्युतधारा शिकवताना तो नेमका कुठे लागेल, हे कुणीच बसून ठरवलं नाही. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षणसंशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या आराखड्यात विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान एकमेकांत गुंतलेलं दिसतं. प्रशिक्षणात सहसा तिसरं तेवढं सुटं काढून दिलं जातं. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८०च्या दशकापासून सांगत होते की माहिती, प्रात्यक्षिक, सराव आणि अभिप्राय हे चारही मिळाले, तरी वर्गात परतल्यावर सोबतीला कुणी नसेल तर नवी पद्धत टिकत नाही. पैसा आणि वेळ सोबतीच्या या पाचव्या गोष्टीवर घाला.

करायचं असं. चार शिक्षकांचा गट, सहा आठवडे, आठवड्याला ४५ मिनिटं. ही ४५ मिनिटं वेळापत्रकातच बसवा. शाळा सुटल्यावर ठेवलीत तर तिसऱ्या आठवड्यात गट संपला म्हणून समजा. पहिल्या बैठकीत अ‍ॅप निवडू नका. दरवर्षी मुलं जिथे अडतात असा एक पाठ निवडा.

उदाहरणार्थ, बल्बमधून गेल्यावर विद्युतधारा ‘खर्च होते’ असं अनेक मुलांना वाटतं. फेट (PhET) या संकेतस्थळावरची विद्युत परिपथाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग, मोफत आहे आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा एक बल्ब जोडला की अ‍ॅमीटर ०.९ अँपिअर दाखवतो. एकसरीत तसाच दुसरा बल्ब जोडायचा, पण स्विच उघडा ठेवून. आता मुलांनी वहीत लिहायचं : पहिल्या बल्बच्या आधी किती, दोन्हींच्या मध्ये किती, दुसऱ्यानंतर किती? सगळ्यांचं लिहून झाल्यावरच स्विच लावा. तिन्ही जागी ०.४५ येतं, आणि ज्यांनी उतरत्या क्रमाने आकडे लिहिले ती मुलं स्वतःच्या वहीकडे बघायला लागतात. पाठ घडतो तो तिथे. अंदाज न लिहिता स्विच लावला, तर तीच सिम्युलेशन नुसती करमणूक होते. गटाने बसून ठरवायची गोष्ट हीच : कोणत्या क्षणी बटण दाबायचं नाही.

दुसऱ्या बैठकीत एकाने हा तुकडा सहकाऱ्यांपुढे सहा मिनिटांत शिकवावा, पाच मिनिटं चर्चा, लगेच पुन्हा सहा मिनिटं. स्टॅनफर्डला १९६०च्या दशकात सुरू झालेलं सूक्ष्मअध्यापन ते हेच. बी.एड.ला आपण ते उरकतो आणि नोकरी लागली की विसरतो, हे दुर्दैव. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खऱ्या वर्गात जा. एक सहकारी मागे बसेल, दहाच मिनिटं, आणि तीनच गोष्टी टिपेल : पडदा सुरू झाल्यापासून मुलांनी पहिलं काही लिहिलं वा बोललं ते कितव्या मिनिटाला, बोर्डाला हात कुणाकुणाचा लागला, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबले. संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत, आणि तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबत, जास्त मुलं बोलत. ‘छान झालं’, ‘आवाज वाढवा’ असले शेरे लिहायचेच नाहीत. उरलेल्या दोन आठवड्यांत तोच पाठ दुरुस्त करून दुसऱ्या तुकडीवर घ्या.

एक इशारा : या नोंदी गोपनीय अहवालात गेल्या की दुसऱ्या दिवसापासून सगळे पाठ नाटकी होतील. नोंदीचा कागद शिक्षकाकडेच राहू द्या.

प्रश्न : वर्गात ५५ मुलं, साधन म्हणजे माझा एकुलता फोन. मग तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण मला काय कामाचं?

एक फोन पुरतो. प्लिकर्स या अ‍ॅपसारख्या पद्धतीत प्रत्येक मुलाकडे छापील कार्ड असतं. ते कसं फिरवून धरलं त्यावरून उत्तर अ, ब, क की ड ते ठरतं आणि फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची कार्डं वाचतो. शेजाऱ्याला उत्तर कळत नाही, ही त्यातली खरी गंमत. कार्डाचे क्रमांक हजेरीच्या क्रमांकाला जोडा आणि आधी कार्डसंच तुमच्या पटाला पुरतो का ते पाहा.

बिघडतं ते किरकोळ कारणांनी. बोट काळ्या नक्षीवर आलं की कार्ड वाचलं जात नाही, म्हणून कडेला धरायला शिकवा. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड परावर्तित होतो. जाड साध्या कागदावर छापा. मागच्या रांगेची कार्डं पुढच्यांच्या डोक्यामागे लपतात, तर रांगेतून चालत जा.

पण कार्डांपेक्षा प्रश्न महत्त्वाचा. हार्वर्डचे एरिक मझूर यांच्या सहाध्यायी चर्चेच्या पद्धतीतला ढोबळ नियम वापरा : बरोबर उत्तरं ३० टक्क्यांखाली असतील तर पुन्हा शिकवा, ३० ते ७० असतील तर उत्तर न सांगता मुलांना दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवून द्यायला लावा आणि पुन्हा कार्डं घ्या, ७०च्या वर असतील तर पुढे चला. चुकीचे पर्यायही मुलांच्या वह्यांतल्या खऱ्या चुकांतून घ्या. उगाच भरलेला पर्याय कुणी निवडत नाही, आणि मग तुम्हाला कळतही काही नाही.

प्रश्न : घरी केलेलं मराठी सादरीकरण शाळेच्या संगणकावर उघडलं की अक्षरांची खिचडी होते. आवाजही येत नाही.

तुमचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. त्यात देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मूळ रोमन अक्षरं दिसतात. नवं सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीत, टंकित करा. जुनं फॉन्ट बदलून देणाऱ्या परिवर्तकातून काढलंत तर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, मोडतात ती तिथेच. घाई असेल तर पीडीएफ न्या. अ‍ॅनिमेशन जाईल, अक्षरं राहतील.

आवाजाचं म्हणाल तर प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर जोडल्यावर तो बहुधा प्रोजेक्टरकडे वळतो. स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला. पडदा कोरा असेल तर विंडोजची कळ आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

प्रश्न : मुलांना माझ्यापेक्षा जास्त येतं. वर्गात फजिती होईल असं वाटतं.

जोडणी, रिमोट, फाइल उघडणं ही कामं दोन मुलांवर सोपवा, जोडी दर पंधरवड्याला बदला, आणि गप्प मुलींना मुद्दाम घ्या, नाहीतर तेच दोघे वर्षभर वायर धरून बसतात. यंत्र तीन मिनिटांत चालू झालं नाही तर थेट फळ्याकडे वळा. त्यासाठी पडद्यावरची मुख्य आकृती फळ्यावर खडूने काढायचा सराव आदल्या दिवशी एकदा करून ठेवा.