बायको सिटिझन, पण स्पॉन्सर कोण?

ग्रीन कार्डचं कसं होणार म्हणून घाबरलायस, पण अरे आधी शांत हो, बायको अमेरिकन सिटिझन आहे म्हणजे आपल्या एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांसारखं ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळायचं नाही. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर रीतसर आलायस ना, मग आय-१३० (तिने तुझ्यासाठी भरायचा अर्ज) आणि आय-४८५ (तुझा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्रच टाका आणि मेडिकलचा आय-६९३ पण सोबतच जोड, नंतर देतो म्हटलेलं आता चालत नाही.

खरी गोची आय-८६४ ची, म्हणजे तुझ्या खर्चाची हमी देणाऱ्या फॉर्मची. बायको शिकतेय, कमाई नाही, तरी तो फॉर्म तिलाच भरायचाय कारण पिटिशनर, म्हणजे तुझ्यासाठी अर्ज करणारी, तीच. घरात माणसं किती त्या हिशोबाने पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (सरकारने ठरवलेली गरिबीची उत्पन्न मर्यादा) १२५ टक्के उत्पन्न लागतं, नसेल तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तिच्यासोबत हमी देणारा दुसरा माणूस, शोधा. तुझ्या बाबांची पुण्यातली एफडी कितीही मोठी असू दे, ते स्पॉन्सर होऊ शकत नाहीत, इथे राहणारा सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवालाच लागतो, नात्यातलाच हवा असं मात्र नाही. सासऱ्यांना विचार, पण सहीआधी स्पष्ट सांग बाबा, की उद्या तुमचा घटस्फोट झाला तरी त्यांची जबाबदारी सुटत नाही, तू सिटिझन होईपर्यंत किंवा तुझ्या कामाचे ४० क्वार्टर म्हणजे साधारण १० वर्षं भरेपर्यंत ते अडकले (तू अमेरिका कायमची सोडलीस तर गोष्ट वेगळी). बऱ्याच जणांना वाटतं नुसती ओळखीपुरती सही आहे, तसं नाहीये.

आणि हो, अ‍ॅडव्हान्स पॅरोल (देशाबाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय दिवाळीला घरी पळू नकोस, नाहीतर आय-४८५ सोडून दिला असंच धरतात.