डोनट दडस का होतात?

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीने दीड वर्षापासून दूध, तूप, लोणी, अंडी आणि मध हे सर्व सोडले आहे. तिच्या वाढदिवसाला मी नेहमीच्या केकची कृती घेतली, लोण्याऐवजी तेवढ्याच मापाचे पीनट बटर आणि अंड्याऐवजी भिजवलेली जवसाची पूड घातली आणि ओव्हनमध्ये डोनट भाजले. चव आवडली, पण डोनट दडस झाले, वरून काळपट पडले आणि आत ओलसर राहिले. वर लावण्यासाठी वितळवलेले चॉकलेट सैल व्हावे म्हणून त्यात चमचाभर पाणी घातले, तर त्याचा खरखरीत गोळा झाला. माझे काय चुकले? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आपण जवस घातले ते योग्यच केले, चूक झाली ती लोण्याच्या जागी तेवढेच पीनट बटर घेण्यात. नावात बटर असले तरी हा पदार्थ लोण्याच्या जातीचा नाही. लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो, तर पीनट बटरमध्ये तो साधारण निम्मा असतो आणि सुमारे चौथा हिस्सा प्रथिनांचा असतो. म्हणजे आपण तूपलोणी घातले असे समजत होतात, पण प्रत्यक्षात तेलात भिजलेले अगदी बारीक शेंगदाण्याचे कूटच घातले होते. हे कूट मिश्रणातले पाणी ओढून घेते, पीठ घट्ट होते आणि घट्ट पिठाला सोड्याचा वायू उचलू शकत नाही. वरून काळपट पडण्याचे कारणही त्यातच आहे, कारण प्रथिने आणि साखर एकत्र तापली की रंग फार लवकर चढतो.

म्हणून स्निग्धांशासाठी तेल घ्यावे आणि पीनट बटर चवीपुरते ठेवावे. सहा डोनटांसाठी १२० ग्रॅम मैदा, ७० ग्रॅम पिठीसाखर, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, तीन मोठे चमचे पीनट बटर, दोन मोठे चमचे वास नसलेले तेल आणि १२० मिलिलिटर सोया दूध हे प्रमाण मी वापरते. विकतच्या बटरमध्ये साखर असेल तर पिठीसाखर दहा ग्रॅम कमी करावी. एक मोठा चमचा ताजी जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की तिला बुळबुळीतपणा येतो आणि तोच अंड्याप्रमाणे मिश्रण बांधून ठेवतो. मात्र अंडे फेटल्यावर जी हवा धरते ती जवस धरत नाही, त्यामुळे हलकेपणा सगळा सोडा आणि बेकिंग पावडरवर अवलंबून राहतो. यासाठीच सोया दुधात एक छोटा चमचा लिंबाचा रस घालून पाच मिनिटे ठेवावे. ते फाटल्यासारखे दिसेल, पण त्याने काही बिघडत नाही. त्या आंबटपणामुळेच सोडा फुलतो.

आता खरी कसोटीची पायरी. एका भांड्यात पीनट बटर घेऊन त्यात सोया दूध एकेक चमचा घालत घोटावे. पहिल्या दोन चमच्यांनी बटर सैल होण्याऐवजी उलट आळते, चमच्याला चिकटते आणि त्यातून तेल सुटू लागते. बहुतेक जण इथेच घाबरून थांबतात किंवा आणखी तेल ओततात. तसे करू नये. दूध घालत राहावे. चौथ्या-पाचव्या चमच्याला ते एकाएकी मऊ पडते, रंगाने फिकट होते आणि साईसारखे ओघळू लागते. त्यानंतरच उरलेले दूध, तेल, साखर आणि भिजवलेले जवस मिसळावे आणि शेवटी कोरडे जिन्नस चाळून घालावेत. मैदा घातल्यावर कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच हलवावे. जास्त फेटले की तो चिवट होतो. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट असावे. त्याहून घट्ट वाटल्यास चमचा-दोन चमचे दूध वाढवण्यास संकोच करू नये. सोडा लगेच काम सुरू करतो, त्यामुळे पीठ ठेवून देऊ नये.

ओव्हन आधी १८० अंशांवर तापवून ठेवावा. जाड प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून तेल लावलेल्या साच्यात पीठ सोडावे आणि साचा दोन तृतीयांश भरावा, नाहीतर मधले भोक बुजते. बाजूंबरोबर मधूनही उष्णता आत शिरावी यासाठीच ते भोक असते आणि आपले डोनट आत ओले राहण्यामागे तेही एक कारण असू शकेल. छोट्या ओटीजीत वरची सळई पदार्थाच्या फार जवळ येते, म्हणून साचा मधल्या किंवा त्याखालच्या कप्प्यात ठेवावा. दहा ते बारा मिनिटांत डोनट भाजतात. काडी खुपसल्यावर ती कोरडी निघाली पाहिजे. साच्यातच पाच मिनिटे निवू देऊन मग उलटे करावेत. तळलेल्या डोनटाची कुरकुरीत कड यांना येणार नाही; हे मऊ, केकच्या पोताचे असतात आणि मला ते तसेच आवडतात.

चॉकलेटचे जे झाले तेही पीनट बटरच्या त्याच स्वभावातले आहे. थोड्याशा पाण्याने कोको आणि साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. पुरेसे पाणी मिळाले की सुटतात. तो गोळा टाकून देण्याची गरज नव्हती. कोमट सोया दूध थोडे थोडे घालून घोटला असता तर तो गुळगुळीत झाला असता.

प्रश्न: चॉकलेटच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असल्यास ते वीगन, म्हणजे दूध-मधासह प्राण्यांपासून मिळणारे काहीही नसलेले, समजावे का?

उत्तर: नाही. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो आणि त्यात दूध व मध दोन्ही चालतात. वीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम केले असून त्यांचे वेगळे बोधचिन्हही आहे. ते नसेल तर घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन किंवा बटर ऑइल आहे का ते पाहावे. डार्क चॉकलेटमध्येही मिल्क सॉलिड्स अनेकदा आढळतात.

प्रश्न: पीनट बटर घरी करता येईल का? शेंगदाण्यांऐवजी काजू चालतील का?

उत्तर: अवश्य करावे. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, पूर्ण निववून, साले पाखडून घ्यावीत. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे निर्दयपणे काढून टाकावेत, कारण बुरशीतले विष भाजण्याने पूर्णपणे जात नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवावा. आधी नेहमीचे कूट होते, मग त्याचा गोळा बांधतो आणि चिकाटीने फिरवत राहिल्यास तो गोळा सैल होऊन वाहू लागतो. पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. काजूचे बटर चवीला सौम्य आणि गोडसर असते. त्यासाठी अख्खा काजू घेण्याची गरज नाही, तुकडा काजू स्वस्त पडतो. मात्र काजूत पिष्ट जास्त असल्याने दूध एखादा चमचा वाढवावे लागते.

हे डोनट मुलांच्या डब्यात देणार असाल तर वर्गात कोणाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी आहे का, हे शिक्षकांना आधी विचारावे. शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला आणि काजू झाडावरचा असला तरी काही जणांना दोन्ही बाधतात, म्हणून एकाच्या जागी दुसरे घातले की धोका टळला असे समजू नये.