बोरिवलीचं नॅशनल पार्क पूर्वीपासून पिकनिकचीच जागा होती का?

नाही. पिकनिक हा अर्थ अगदी अलीकडचा, फार तर माझ्या आईवडिलांच्या पिढीपासूनचा. तुम्ही मुंबईत नवीन आहात, आणि ऑफिसात कोणी पार्कला बाग म्हणतं, कोणी बिबट्याचं जंगल, कोणी देवाची जागा, म्हणून गोंधळलात असं तुम्ही लिहिलंय. मी बोरिवली पूर्वेला वाढलो. माझ्या मते तिघंही खरं बोलतायत.

सुरुवात पार्काच्या आतल्या कान्हेरीपासून करा. शंभरावर लेणी, आणि साधारण हजार वर्षं तिथे बौद्ध भिक्षूंची वस्ती. शिलालेखांत या डोंगराचं नाव कण्हगिरी, म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी इथे दानं दिली. चैत्यगृह सगळेच बघतात, पण मला ओढ पाण्याची. जवळपास प्रत्येक विहाराला स्वतःचं टाकं आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय, आणि पोढी खोदून देणं हे मोठं पुण्य. भर पावसात जाऊन एखाद्या लेण्याच्या बाजूला पाच मिनिटं थांबा. कातळात खोदलेल्या पन्हळीतून पाणी आजही टाक्याकडे उतरताना दिसतं. त्या काळी या डोंगराचा अर्थ होता तप आणि पाणी. भिक्षू गेल्यावरही लोक येत राहिले. १००९ साली आलेल्या पारशांनी आपली नावं पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरून ठेवली आहेत, ती ९० क्रमांकाच्या लेण्यात आहेत.

इंग्रजांनाही इथे पाणीच दिसलं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईच्या नळाला पाणी हवं होतं, ते स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं. आज हे जंगल उभं आहे त्याचं ते एक मोठं कारण.

स्वातंत्र्याच्या आसपास 'कृष्णगिरी उपवन' झालं, तेव्हा क्षेत्र जेमतेम २० चौ. किमी होतं. पुढे वाढत वाढत ते सुमारे १०४ वर गेलं आणि १९८० च्या दशकात संजय गांधींचं नाव लागलं. ते नाव कागदावर, पाट्यांवर आलं, पण आमच्या घरात कोणी कधी उच्चारलं नाही. आमच्यासाठी ते नॅशनल पार्कच. वनराणी ही छोटी आगगाडी, गांधी टेकडी, होड्या, सिंह बघायला जाळीच्या खिडक्यांची गाडी, आणि आईने बांधून दिलेली बटाट्याची भाजी-पोळी. आम्ही फाटकापासून दोनेक किलोमीटरच्या आतच फिरायचो आणि तेवढ्यालाच जंगल समजायचो.

मग बिबट्या आला. खरं तर तो होताच, आम्हाला दिसला उशिरा. २००४ च्या जूनमध्ये एकामागून एक माणसं मारली गेली आणि संध्याकाळी मुलांना खाली सोडेनासे झाले. पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा, हीच सगळ्यांची मागणी. माझीही. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासाबद्दल वाचलं: बिबट्या उचलून भलत्याच ठिकाणी सोडला की हल्ले कमी होत नाहीत, वाढतात. वनखात्याने २०११ पासून नागरिकांना सोबत घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम चालवला. कचरा उचला म्हणजे बिबट्या ज्यांच्या मागे येतो ती कुत्री कमी होतील, मुलांना अंधारात एकटं पाठवू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. साध्या गोष्टी, पण त्यांनी आमची नजर बदलली. आज सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की लोक तो व्हिडिओ अभिमानाने पाठवतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

पण एक गोष्ट या सगळ्यात हरवते आणि तीच मला तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. 'पार्क' म्हटलं की आत कोणी राहत असेल असं मनातच येत नाही. आत पाडे आहेत, वारली, मल्हार कोळी, कोकणा लोकांचे. त्यांना बिबट्या कोणी सांगावा लागला नाही. त्यांच्याकडे तो वाघोबा. पार्कात आणि शेजारच्या आरे कॉलनीच्या बाजूलाही त्याची ठाणी आहेत. मी पाहिलेलं एक ठाणं म्हणजे झाडाखाली गुडघाभर उंचीचा दगड, वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, शेंदूर जागोजागी उडालेला, पुढ्यात फोडलेल्या नारळाची करवंटी. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा त्याची पूजा होते. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हा बाहेरून येऊन वसलेल्या झोपड्यांबरोबर या पाड्यांनाही नोटिसा गेल्या. जंगल वाचलं पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही, आरेतल्या झाडांसाठी मीही रस्त्यावर उभा राहिलोय. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेल्या माणसाला 'अतिक्रमण' हा शब्द लावणं मला आजही चुकीचं वाटतं.

तुम्ही जाल तेव्हा सोमवार टाळा, बंद असतं. सकाळी लवकर कान्हेरीला जा. पायऱ्यांपाशी पाड्यांवरच्या बायका काकडी, पेरू, मीठ लावलेली कैरी घेऊन बसतात. काकडी घ्या आणि विचारा, मावशी, तुमचा पाडा कुठला? बोलायला वेळ असेल तर तिथेच बसा, लेणी नंतर बघा.